पार्श्वसेवा म्हणून डेटाबेस सर्व्हर

पार्श्वसेवा म्हणून डेटाबेस सर्व्हर चालवणे म्हणजे डेटाबेस (विदागार) सांभाळणारी आज्ञावली संचालन प्रणालीच्या स्वाधीन करणे होय. अशा व्यवस्थेत संगणक सुरू होताच, कोणी लॉग-इन केलेले असो वा नसो, ही आज्ञावली आपोआप सुरू होते, पडद्यावर कोणतीही खिडकी न उघडता चालू राहते आणि संगणक बंद होताना रीतसर थांबवली जाते. विंडोजमध्ये अशा आज्ञावलीला 'सर्व्हिस' म्हणतात, तर युनिक्स कुळातील प्रणालींमध्ये 'डीमन'. पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर हे प्रचलित डेटाबेस सर्व्हर साध्या डेस्कटॉप संगणकावरही या रीतीने चालवता येतात.

मोठ्या संस्थांमध्ये सर्व्हरसाठी वेगळे यंत्र, वातानुकूलित खोली आणि ते सांभाळणारा तंत्रज्ञ असतो. धाराशिव जिल्ह्यासारख्या भागात तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाचे ग्रंथालय, नागरी पतसंस्था, औषधांचे दुकान किंवा बाजार समितीतील आडत अशा ठिकाणी मात्र टेबलावरचा एखादा संगणकच सर्व्हर होतो. त्याच संगणकावर कोणी पत्रे टंकत असते, त्याचाच छपाईयंत्राशी संबंध असतो आणि वीज गेली की तोच प्रथम बंद पडतो. अशा मांडणीत पार्श्वसेवा काय करते आणि काय करत नाही, हे वेगळे ओळखावे लागते. बंद पडलेला सर्व्हर ती पुन्हा सुरू करते. अर्धवट राहिलेली नोंद सावरणे हे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीचे काम आहे. तबकडीच निकामी झाली, तर या दोहोंचाही उपयोग होत नाही.

संकल्पना

'डीमन' ही संज्ञा १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्रकल्पात रूढ झाली. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या विचारप्रयोगात रेणूंची निवड करत अखंड राबणारा एक काल्पनिक जीव आहे, त्यावरून हे नाव घेण्यात आले. विंडोजमध्ये सर्व्हिस ही रचना १९९३ च्या विंडोज एनटीपासून आहे.

साधी आज्ञावली आणि पार्श्वसेवा यांतील भेद मालकीचा आहे. डेटाबेस सर्व्हर आदेश देऊन एखाद्या खिडकीतून सुरू केला, तर तो त्या वापरकर्त्याच्या सत्राचा भाग असतो. वापरकर्ता लॉग-ऑफ झाला किंवा 'ही काळी खिडकी कसली' म्हणून कोणी ती बंद केली, की सर्व्हरही थांबतो आणि त्यावर अवलंबून असलेले शेजारचे संगणक जागच्या जागी अडतात. पार्श्वसेवेची मालकी कोणत्याही बसणाऱ्याकडे नसून संचालन प्रणालीकडे असते. त्यामुळे खुर्चीवरची व्यक्ती बदलली तरी सर्व्हर अबाधित राहतो.

डेटाबेस सर्व्हर रूढ होण्यापूर्वी भारतातील लहान कार्यालयांत डीबेस आणि फॉक्सप्रो यांचा मोठा प्रसार होता. त्यांत सर्व्हर नसे. सामायिक फोल्डरमधील फाइल प्रत्येक संगणक स्वतः उघडत असे. एका संगणकाने फाइल उघडलेली असताना तो बंद पडला, तर अनुक्रमणिका बिघडे आणि ती नव्याने बांधावी लागे. सर्व्हरच्या पद्धतीत फाइलला हात लावणारा एकच असतो; बाकीचे त्याच्याकडे मागणी करतात. हा एकमेव मध्यस्थ सतत हजर असला पाहिजे, ही अट येथूनच निर्माण होते. एकाच संगणकावर, एकाच वेळी एकच जण वापरणार असेल, तर मात्र सर्व्हरची गरज नसते. डी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेले एसक्यूलाइट अशाच कामासाठी आहे आणि त्यासाठी कोणतीही पार्श्वसेवा लागत नाही.

ग्रंथालयांतील वापर

महाराष्ट्रात या मांडणीचे परिचित उदाहरण म्हणजे ग्रंथालये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने विकसित केलेली 'सोल' ही ग्रंथालय प्रणाली २००० मध्ये आली. तिची २००९ मधील दुसरी आवृत्ती एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल यांवर चालते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-ग्रंथालय' प्रणालीची तिसरी आवृत्ती विंडोज संगणकावर एसक्यूएल सर्व्हरसह बसवली जाई. चौथी आवृत्ती पोस्टग्रेसक्यूएलवर आणि मध्यवर्ती मेघसेवेवर गेली. मेघसेवेत ग्रंथालयाला सर्व्हर सांभाळावा लागत नाही, पण इंटरनेट खंडित झाले की देवघेव थांबते. म्हणून स्थानिक सर्व्हरची पद्धत अद्याप लोपलेली नाही.

तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीन संगणक आहेत असे मानले, तर एक ग्रंथपालाच्या टेबलावर, दुसरा देवघेव खिडकीपाशी आणि तिसरा वाचकांना ग्रंथ शोधण्यासाठी असतो. दाखल नोंदवही, सभासद आणि देवघेव यांचा डेटाबेस ग्रंथपालाच्या संगणकावर असतो. सर्व्हर पार्श्वसेवा म्हणून नोंदवलेला नसेल, तर ग्रंथपालाने येऊन स्वतःचा परवलीचा शब्द देईपर्यंत खिडकीवरील सहायकाला एकही पुस्तक देता येत नाही. नोंदवलेला असेल, तर शिपायाने सकाळी संगणकाचे बटण दाबणे पुरेसे होते. परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवण्याची सर्वत्र दिसणारी सवय अनेकदा या एका त्रुटीतून जन्मलेली असते.

विंडोजमधील रचना

विंडोजमध्ये सर्व सर्व्हिसेस 'सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर' या घटकाच्या ताब्यात असतात. प्रत्येक सर्व्हिसचे नाव, तिच्या आज्ञावलीचा मार्ग, ती कोणत्या खात्याने चालवायची आणि केव्हा सुरू करायची, ही माहिती विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंदवलेली असते. 'सर्व्हिसेस' या खिडकीत ही यादी पाहता येते. सुरू होण्याचे मुख्य प्रकार चार आहेत: आपोआप, आपोआप पण विलंबाने, मागणीनुसार आणि निष्क्रिय. विलंबाने सुरू होणारी सर्व्हिस इतर आवश्यक घटकांनंतर चालू होते. जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावर हा पर्याय उपयुक्त ठरतो, मात्र संगणक सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे देवघेव खिडकीला वाट पाहावी लागते. त्या वेळी दिसणारा 'जोडणी होत नाही' हा संदेश बिघाडाचा नसतो.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस 'सत्र शून्य' या स्वतंत्र सत्रात चालतात आणि वापरकर्त्याच्या पडद्यावर काहीही दाखवू शकत नाहीत. सर्व्हरला अडचण आली तरी त्याची खिडकी उघडत नाही. तक्रार 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये किंवा सर्व्हरच्या स्वतःच्या नोंद-फाइलमध्ये शोधावी लागते. याच विभक्ततेचा आणखी एक परिणाम असा, की वापरकर्त्याने स्वतःच्या सत्रात जोडलेली जाळ्यावरची ड्राइव्ह सर्व्हिसला दिसत नाही. राखीव प्रतीसाठी तसा मार्ग दिला, तर तो ग्रंथपालाला पडद्यावर दिसत असूनही सर्व्हरला सापडत नाही.

सर्व्हिस कोणत्या खात्याने चालावी, हा प्रश्न सोयीचा वाटला तरी सुरक्षेचा आहे. सर्वाधिकार असलेल्या 'लोकल सिस्टिम' खात्याने डेटाबेस चालवला, तर सर्व्हरमधील एखाद्या दोषाचा फायदा घेणाऱ्याला संपूर्ण संगणक मिळतो. त्याऐवजी 'नेटवर्क सर्व्हिस' किंवा त्या सर्व्हिसपुरते निर्माण होणारे आभासी खाते वापरतात. पोस्टग्रेसक्यूएलचा आग्रह याबाबतीत सर्वांत कडक आहे. प्रशासकाच्या अधिकारांनी थेट चालवल्यास तो सुरू होण्यासच नकार देतो. विंडोजवर थेट चालणारी त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २००५ मधील ८.० ही होय. मर्यादित खाते वापरताना डेटाच्या फोल्डरवर त्याला लेखनाचा अधिकार द्यावा लागतो. तो फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्यानंतर सर्व्हिस सुरू न होण्याचे नेहमीचे कारण हा विसरलेला अधिकारच असते.

एसक्यूएल सर्व्हरची विनामूल्य 'एक्सप्रेस' आवृत्ती लहान संस्थांत सर्वाधिक आढळते. तिच्यात एका डेटाबेसला आकाराची मर्यादा आहे: २००५ च्या आवृत्तीत ४ गिगाबाइट, २००८ आर२ पासून १० गिगाबाइट आणि २०२५ च्या आवृत्तीत ५० गिगाबाइट. मर्यादा गाठल्यावर सर्व्हिस चालूच असते, जुन्या नोंदी वाचताही येतात, परंतु नवी नोंद स्वीकारली जात नाही. सदस्यांची छायाचित्रे डेटाबेसमध्येच साठवणाऱ्या संस्थांना ही वेळ लवकर येते.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीशी पहिली ओळख बहुधा 'झॅम्प' या संचातून होते. त्याच्या नियंत्रण खिडकीतील बटण दाबून सुरू केलेला डेटाबेस सर्व्हिस नसतो. त्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने वेगळी खूण करावी लागते. संगणक अचानक बंद झाल्यानंतर या खिडकीत सर्व्हर अनपेक्षितपणे थांबल्याचा संदेश येतो. त्यावर उपाय म्हणून डेटाच्या फोल्डरमधील मुख्य फाइल पुसून टाकण्याचा सल्ला तोंडोतोंडी फिरत असतो. तो घातक आहे. इनोडीबी प्रकारच्या सर्व तक्त्यांची सूची त्या फाइलमध्ये असते. ती पुसल्यावर सर्व्हर सुरू होतो खरा, पण तक्ते नाहीसे झालेले असतात.

वीज गेल्यानंतर

२००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होते. पुढे त्याचे प्रमाण घटले, तरी वळवाच्या वाऱ्यापावसात किंवा रोहित्र जळाल्यावर वीज जाणे मराठवाड्यात नवलाचे नाही. डेस्कटॉप सर्व्हरची खरी परीक्षा अशा वेळी होते.

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. एखाद्या पतसंस्थेने आपल्या ४,००० सभासदांच्या पत्त्यांतील जिल्ह्याचे नाव बदलण्याचा एकच आदेश दिला आणि २,५०० नोंदी बदलून झाल्या असताना वीज गेली, असे उदाहरण घेता येईल. साध्या फाइलमध्ये काही सभासद उस्मानाबादचे तर काही धाराशिवचे राहिले असते आणि काम कोठपर्यंत आले होते हे सांगणारे कोणीच नसते. डेटाबेस सर्व्हरमध्ये हा संपूर्ण बदल एक 'व्यवहार' असतो. तो पूर्ण झाल्याची खूण उमटलेली नसेल, तर पुन्हा सुरू झाल्यावर सर्वच्या सर्व ४,००० नोंदी पूर्ववत उस्मानाबाद दाखवतात आणि आदेश नव्याने देता येतो. खूण उमटली असेल, तर सर्व नोंदी धाराशिव दाखवतात. मधली अवस्था वाचणाऱ्याला कधीच दिसत नाही. पत्त्याच्या बाबतीत हा केवळ नीटनेटकेपणा वाटेल. एका खात्यातून वजा झालेली आणि दुसऱ्या खात्यात जमा व्हायची राहिलेली रक्कम हा तसा विषय नाही.

हे ज्या तत्त्वाने साधते ते व्यापाऱ्याच्या चोपड्यांना परके नाही. रोजकीर्दीत प्रत्येक उलाढाल ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने प्रथम उतरते आणि मग सवडीने खतावणीत आपापल्या खात्यावर जाते. खतावणी अर्धवट राहिली, तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. डेटाबेस सर्व्हरही बदल मूळ तक्त्यांत करण्यापूर्वी एका क्रमवार नोंदवहीत लिहितो आणि ती तबकडीवर उमटल्याची खात्री झाल्यावरच 'व्यवहार पूर्ण' असे कळवतो. पुन्हा सुरू होताना तो ही नोंदवही शेवटच्या ज्ञात टप्प्यापासून वाचतो, पूर्ण व्यवहार तक्त्यांत उतरवतो आणि अपूर्ण व्यवहार रद्द धरतो. या पद्धतीची सर्वांत प्रभावी शास्त्रीय मांडणी 'एरीज' या नावाने १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. आयआयटी मद्रासचे पदवीधर सी. मोहन हे तिचे प्रमुख लेखक होत. मायएसक्यूएलमधील जुन्या 'मायआयसॅम' प्रकारच्या तक्त्यांना अशी नोंदवही नाही. २०१० मध्ये स्थिर झालेल्या ५.५ आवृत्तीपूर्वी तोच मूळ प्रकार होता, त्यामुळे त्या काळापासून चालत आलेल्या प्रणालींत वीज गेल्यावर तक्ते 'दुरुस्त' करावे लागतात.

नोंदवहीवरील विश्वास तबकडीच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतो. वेग दाखवण्यासाठी काही तबकड्या मजकूर केवळ आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेऊन 'लिहिला' असे कळवतात. त्याच क्षणी वीज गेली, तर सर्व्हरने पूर्ण मानलेला व्यवहार प्रत्यक्षात कोठेच नसतो. ही उणीव कोणतीही पार्श्वसेवा भरून काढू शकत नाही.

वीज परत आल्यावरची साखळी अशी असते: संगणक चालू होणे, संचालन प्रणाली सुरू होणे, सर्व्हिस सुरू होणे, नोंदवहीवरून डेटाबेस सावरला जाणे आणि शेवटी इतर संगणकांची जोडणी. यातील पहिली कडी बहुतेक वेळा दुर्लक्षित राहते. सर्व्हिस 'आपोआप' ठेवली, तरी संगणकाचे बटण दाबायला कोणी नसेल तर काहीच सुरू होत नाही. अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये वीज परतताच संगणक स्वतः चालू व्हावा असा पर्याय असतो. सर्व्हर म्हणून वापरायच्या संगणकावर तो निवडलेला बरा. चौथ्या कडीला वेळ लागतो. या काळात सर्व्हिसेसच्या खिडकीत सर्व्हर चालू दिसतो, पण जोडणी नाकारतो. अधीर होऊन त्याच वेळी पुन्हा बटण बंद करणे किंवा जागा रिकामी व्हावी म्हणून नोंदवहीच्या फाइल 'जुन्या लॉग' समजून पुसणे, यांतून वीज जाण्यापेक्षा मोठे नुकसान होते.

घरोघरी दिसणारा इन्व्हर्टर हा यूपीएसचा पर्याय नव्हे. मुख्य वीज गेल्यापासून बॅटरीवर येईपर्यंत साध्या इन्व्हर्टरला लागणारा क्षण दिवे-पंख्यांना जाणवत नाही, परंतु संगणक तेवढ्यात पुन्हा सुरू होऊ शकतो. काही इन्व्हर्टरांवर संगणकासाठी वेगळी स्थिती निवडण्याची सोय असते. यूएसबी तारेने संगणकाला जोडलेला यूपीएस आणखी एक काम करतो: बॅटरी संपत आल्याची सूचना देऊन तो संगणक रीतसर बंद करवतो. रीतसर बंद होताना संचालन प्रणाली प्रत्येक सर्व्हिसला थांबण्याची सूचना देते आणि त्यासाठी मर्यादित मुदत देते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये थांबण्याचे तीन प्रकार आहेत. ९.५ आवृत्तीपासून मूळ निवड 'जलद' ही आहे. तिच्यात चालू व्यवहार रद्द करून, जोडण्या तोडून सर्व्हर व्यवस्थित मिटतो.

वीज असतानाही डेस्कटॉप प्रणालीचे स्वतःचे काही गुण सर्व्हरच्या आड येतात. काही काळ कळफलकाला स्पर्श झाला नाही की संगणक निद्रावस्थेत जातो. सर्व्हिस तांत्रिकदृष्ट्या चालू असते, पण शेजारचे संगणक थांबतात. ग्रंथपाल जेवायला गेल्यावर रोज देवघेव अडण्याचे कोडे बहुधा यानेच सुटते. विंडोज ८ पासूनच्या 'जलद प्रारंभ' सुविधेत संगणक बंद करताना सत्र शून्य तबकडीवर जसेच्या तसे गोठवले जाते, त्यामुळे बंद करून पुन्हा चालू केल्यावर सर्व्हिस नव्याने सुरू झालेली नसते. बदललेली मांडणी लागू करण्यासाठी 'रीस्टार्ट' हाच पर्याय निवडावा लागतो.

जोडणी आणि सुरक्षा

डेटाबेस सर्व्हर ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर मागणीची वाट पाहतो. रूढीने पोस्टग्रेसक्यूएलचा क्रमांक ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६ आणि एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ असतो. बसवल्यानंतर पोस्टग्रेसक्यूएल केवळ त्याच संगणकावरून आलेल्या मागण्या ऐकतो, तर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये जाळ्यावरची जोडणी बंद असते. त्या खुल्या करणे, विंडोजच्या फायरवॉलमध्ये वाट देणे आणि जाळे 'खासगी' असल्याचे नोंदवणे ही कामे स्वतंत्रपणे करावी लागतात. रोज वेगळ्या संगणकाला वेगळा पत्ता देणारा राउटर असल्यास सर्व्हरच्या संगणकाचा पत्ता राखीव ठेवावा लागतो. न ठेवल्यास काल चालणारी प्रणाली आज कोणताही बदल न करता बंद पडते.

पार्श्वसेवा दिसत नाही, हा तिचा गुण तसाच धोकाही आहे. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेल्या 'एसक्यूएल स्लॅमर' या संगणकीय किड्याने हे जगाला दाखवून दिले. केवळ ३७६ बाइटांचा हा किडा एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ क्रमांकाच्या पोर्टवरून शिरे आणि लगेच इतरत्र स्वतःच्या प्रती पाठवू लागे. एसक्यूएल सर्व्हरची डेस्कटॉपसाठीची आवृत्ती इतर आज्ञावल्यांसोबत गुपचूप बसत असल्याने, ज्यांच्या संगणकावर डेटाबेस सर्व्हर आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हते, असे वापरकर्तेही त्यात सापडले. दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२ मध्ये उपलब्ध केली होती. ज्या सर्व्हरचे अस्तित्वच माहीत नाही त्याची दुरुस्ती कोणी करत नाही. आजही एसक्यूएल सर्व्हर २००५ चालवणारे संगणक लहान संस्थांत सापडतात. त्या आवृत्तीचा आधार एप्रिल २०१६ मध्येच संपला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

मराठी मजकूर आणि अकारविल्हे

सर्व्हर बसवताना निवडलेली अक्षरसंकेतन पद्धती आणि क्रमनियम पुढे सहज बदलता येत नाहीत, म्हणून मराठी नोंदी असणाऱ्या संस्थेने हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यायचा असतो. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी मूळ संकेतन लॅटिन होते. त्यात घातलेली देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन परततात आणि मूळ मजकूर कायमचा गमावतो. त्याच सर्व्हरमधील जुन्या यूटीएफ-८ प्रकारात एका अक्षराला कमाल तीन बाइट मिळतात. देवनागरीला तेवढे पुरतात. २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत समाविष्ट झालेल्या मोडी लिपीला मात्र चार लागतात, त्यामुळे जुन्या दप्तरांची मोडी सूची करणाऱ्याला चार बाइटांचाच प्रकार निवडावा लागतो.

अकारविल्हे लावण्यातील अडचण अधिक सूक्ष्म आहे. मराठी वर्णमालेत ळ हे अक्षर ह नंतर येते. युनिकोडमध्ये मात्र त्याला ल च्या लगेच पुढचा क्रमांक आहे. सर्व्हर निव्वळ क्रमांकांनुसार लावणी करत असेल, तर जिल्ह्यातील गावांच्या यादीत कळंब आधी आणि कसबे तडवळे नंतर येते. मराठी कोशाच्या क्रमाने कसबे तडवळे आधी आणि कळंब नंतर यायला हवे. क्ष आणि ज्ञ यांनीही शेवटी येण्याऐवजी क आणि ज मध्ये जागा घेतलेली असते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या संचातील मराठीसाठीचे स्वतंत्र क्रमनियम वापरता येतात.

लिनक्स आणि मॅकओएस

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत पार्श्वसेवांचे नियंत्रण 'सिस्टिमडी' करते; उबुंटूने ते २०१५ मध्ये स्वीकारले. त्यात सेवा आता सुरू करणे आणि दर वेळी संगणकासोबत सुरू होण्यासाठी सक्षम करणे, या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली देऊन दुसरी विसरल्यास सर्व काही पुढच्या वीजखंडापर्यंत सुरळीत चालते. डेबियन, उबुंटू आणि डेबियनवर आधारलेली सी-डॅकची 'बॉस' प्रणाली या कुळात डेटाबेसचे पॅकेज बसताच सेवा सहसा आपोआप सक्षम होते, तर फेडोरात ती करावी लागते. मॅकओएसमध्ये हे काम २००५ पासून 'लाँचडी' करते. तेथे संगणकासोबत सुरू होणारे डीमन आणि लॉग-इननंतर सुरू होणारे एजंट असा भेद आहे. होमब्रू या साधनाने प्रशासकाच्या अधिकाराविना सुरू केलेला डेटाबेस दुसऱ्या प्रकारात मोडतो. तो पार्श्वभूमीत चालतो, पण कोणी लॉग-इन करेपर्यंत सुरू होत नाही.

राखीव प्रत

चालू सर्व्हरचा डेटा फोल्डर पेन-ड्राइव्हवर उतरवून घेणे ही राखीव प्रत नव्हे. प्रत घेणे चालू असताना सर्व्हर वेगवेगळ्या फाइलींत लिहीत असतो, त्यामुळे एक फाइल दहा वाजताची आणि दुसरी दहा वाजून दोन मिनिटांची असा परस्परविसंगत संच हाती येतो. कित्येकदा विंडोज अशा फाइल उचलूच देत नाही. प्रत सर्व्हरच्याच साधनाने घ्यावी लागते. ते एका विशिष्ट क्षणाचे सुसंगत चित्र लिहून देते. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये ठरावीक वेळी कामे करणारा घटक नसतो, म्हणून रात्रीची प्रत विंडोजच्या 'टास्क शेड्यूलर'ला सांगावी लागते. रात्री संगणक बंद ठेवण्याची पद्धत असलेल्या संस्थेत हे काम दुपारी ठेवावे लागते, अन्यथा ते कधीच होत नाही. डेटा फोल्डर मेघसेवेशी समक्रमित होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवणेही टाळावे लागते. समक्रमण करणारी आज्ञावली आणि सर्व्हर एकाच फाइलसाठी भांडतात.

प्रत त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवल्यास ती बहुधा त्याच तबकडीवर असते, आणि त्याच खोलीतील कपाटात ठेवल्यास त्याच छपराखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील गावांसोबत तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील गावेही उद्ध्वस्त केली. घरांबरोबर त्यांतील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली. उमरग्यातील संस्थेची एक प्रत तुळजापुरात किंवा धाराशिवमध्ये असावी, ही अपेक्षा या भागात अतिरेकी म्हणता येत नाही. ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून, दाखल नोंदवहीतील शेवटचा क्रमांक मूळ नोंदीशी ताडून पाहिल्याखेरीज तिच्या उपयुक्ततेबद्दल काहीच सांगता येत नाही. अशा पडताळणीसाठी दुसऱ्या संगणकावर सर्व्हरची त्याच मुख्य क्रमांकाची किंवा त्याहून नवी आवृत्ती लागते. जुन्या आवृत्तीचा एसक्यूएल सर्व्हर नव्या आवृत्तीत घेतलेली प्रत उघडत नाही.